मणक्याचं ऑपरेशन झालं, आता लाडू खाऊ की चालायला जाऊ?

मागच्या महिन्यात सहज लिहून गेले की मणक्याच्या ऑपरेशननंतर काय खायचं, कधी चालायचं यावर प्रश्न असतील तर पाठवा, आणि मेलबॉक्स भरून गेला. वाचताना लक्षात आलं की निम्मी पत्रं "घरचे उठूच देत नाहीत" अशी आहेत आणि निम्मी "जिमला कधी जाऊ" अशी, मधली माणसं फारच कमी. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि २०१६ मध्ये माझंच एल५-एस१ चं (कमरेच्या सगळ्यात खालच्या सांध्याचं) डिस्कचं, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीचं, ऑपरेशन झालंय, त्यामुळे पलंगावरची भीती आणि उठल्यावरचा अतिउत्साह दोन्ही माहितीयेत. एक आधीच सांगते, तुमच्या सर्जनने डिस्चार्ज पेपरवर जे लिहिलंय ते माझ्या उत्तरापेक्षा वरचं. तुमचा एमआरआय त्यांनी बघितलाय, मी नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५२, राहणार कराड. एल४-एल५ चं फ्युजन (कमरेचे दोन मणके जोडण्याचं ऑपरेशन) होऊन पाच आठवडे झालेत, स्क्रू टाकलेत. सासूबाई आणि नणंद जागेवरून हलू देत नाहीत, म्हणतात हाड जुळायचंय, पडून राहा. बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू चालू आहेत, सकाळी दोन संध्याकाळी एक. वजन ४ किलो वाढलं, पाय मात्र काडीसारखे झालेत. मी शाकाहारी आहे, एकादशी आणि चतुर्थी करते. वजन कमी करण्यासाठी रात्रीचं जेवण बंद करू का?

रात्रीचं जेवण अजिबात बंद करू नका. तुम्हीच पत्रात खरी गोष्ट लिहून गेलात, वजन वाढलं आणि पाय काडीसारखे झाले, म्हणजे चरबी वाढलीय आणि स्नायू गेलेत. झोपून राहिलं की स्नायू फार पटकन उतरतात, आणि पाठीला धरून ठेवणारे तेच असतात हो. आत्ता उपास धरलात तर उरलेले पण जातील.

सासूबाईंना कसं समजवायचं ते सांगते. फ्युजन म्हणजे घराचा स्लॅब टाकल्यासारखं आहे. स्क्रू आणि रॉड ही सेंट्रिंग, ती फक्त धरून ठेवते, खरा स्लॅब म्हणजे मधे भरलेलं हाड, ते पक्कं व्हायला तीन ते सहा महिने आणि कधीकधी वर्ष पण लागतं (फरक एवढाच की ही सेंट्रिंग नंतर काढत नाहीत). स्लॅबवर पहिल्या महिन्यात कोणी ट्रक चढवत नाही, पण पाणी मात्र रोज मारावंच लागतं ना. ते पाणी मारणं म्हणजे तुमचं चालणं. चालण्याने रक्त फिरतं, हाडाला हलका भार मिळतो, पायात गाठी होण्याची भीती कमी होते, पोट साफ होतं आणि डोकंही ताळ्यावर राहतं.

तर चालायचं, पण डोस लावून. गोळ्या कशा तीन वेळा घेता तसं घरातल्या घरात किंवा अंगणात दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं, सपाट जमिनीवर, सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालून. दोन-तीन दिवस त्रास वाढला नाही तर प्रत्येक वेळेला दोन मिनिटं वाढवा, असं करत एका दमात तीस मिनिटांपर्यंत जा. चालून आल्यावर पाठ थोडी जड वाटणं चालतं, पायात कळ उतरली तर मात्र कालच्या आकड्यावर परत या. वाकणं, उचलणं आणि पिळणं ही तीन कामं सध्या नाहीत. पाण्याने भरलेली कळशी नाही, डाळ-भात भरलेला पाच लिटरचा कुकर पण नाही, दोन-तीन किलोच्या वरचं काहीच नाही. सिलिंडरला तर कायमचा रामराम करा, भरलेला साधारण तीस किलोचा असतो तो.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, खांदा आणि कंबर एकदम, लाकडाचा ओंडका लोटल्यासारखं, मग पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने गादी दाबत उठा. पहिले चार दिवस हे नाटक वाटतं नंतर सवय होते, मी तर अजून तशीच उठते. ओट्याशी उभं राहायची परवानगी मिळाली की एक पाय छोट्या पाटावर ठेवा, पाच-सात मिनिटांनी पाय बदला, पोळ्या लाटताना कंबर कमी भरते. कणीक मळणं मात्र अजून महिनाभर दुसऱ्या कुणीतरी करू दे, त्यात आपण किती जोर लावतो ते आपल्याला कळत नाही.

आता लाडू. डिंकाचा लाडू काही वाईट नाही पण त्यात मुख्यत्वे तूप, गूळ, खोबरं, एक मोठा लाडू म्हणजे सहज दीडशे-दोनशे कॅलरी. सकाळी दुधाबरोबर एक खा, बाकीचे दोन नणंदेच्या मुलांना. हाड आणि जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्या ताटात नेमकी तीच कमी. एरवी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम धरतात, ऑपरेशननंतर १.२ ते १.५ ग्रॅम लागतं. तुमचं वजन ६५ धरलं तर दिवसाला ७८ ग्रॅमच्या आसपास. (किडनीचा त्रास असेल तर हा हिशेब लागू नाही, आधी डॉक्टरांना विचारा.)

७८ म्हटल्यावर घाबरू नका, घरातलंच आहे सगळं. सकाळी पेलाभर दूध, नाश्त्याला मुगाच्या डाळीची दोन धिरडी, ५० ग्रॅम डाळीची केली तर तिथेच १२ ग्रॅम झाले. जेवायला घट्ट वरणाची वाटी, मटकीच्या उसळीची वाटी, दही आणि दोन पोळ्या मिळून २३-२४. चारच्या चहाबरोबर बिस्किटं नकोत, मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ९. रात्री पिठलं-भाकरी आणि त्याबरोबर ५० ग्रॅम पनीर, परत झोपताना दूध. आकडा होतो बघा. वरणाचं पाणी प्यायलं म्हणजे डाळ खाल्ली असं नसतं एवढं फक्त लक्षात ठेवा, फुळूक वरणात प्रथिनं शोधावी लागतात.

उपासाचं म्हणाल तर सध्या देवाला सांगून टाका की पाठ बरी होईपर्यंत सुट्टी. अगदीच करायचा असेल तर साबुदाणा नको, १०० ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध यावर दिवस काढा.

कॅल्शियमसाठी दोन पेले दूध, आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं) आणि तिळाची चटणी. कॅल्शियमची गोळी चालू असेल आणि थायरॉईडचीही असेल तर दोन्हीत चार तास अंतर ठेवा, लोहाची गोळी पण त्याच वेळी गिळू नका. डी व्हिटॅमिनची ती आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी जितके आठवडे लिहिलीय तितकेच घ्यायची, शेजारच्या काकू घेतात म्हणून वर्षभर घ्यायची नाही, जास्त झालं तर अंगाशी येतं.

प्रश्न : मी ३४, हिंजवडीत आयटीत. मायक्रोडिस्केक्टमी (डिस्कचा बाहेर आलेला तुकडा काढण्याचं ऑपरेशन) होऊन सात आठवडे, पायातली कळ ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी गेली, आता एकदम फिट वाटतंय. आधी ११० किलो डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा रॉड उचलणं) मारायचो. गोल्फर टायगर वुड्स फ्युजन करून मास्टर्स स्पर्धा जिंकला, माझं तर फक्त डिस्क आहे. पुढच्या आठवड्यापासून जिम सुरू करू का? आणि व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) घेतलेलं चालेल का?

"एकदम फिट वाटतंय" हेच वाक्य मी २०१६ मध्ये बाराव्या दिवशी म्हटलं होतं. नळाखालची अर्धी भरलेली बादली वाकून बाजूला ओढली, उचलली पण नाही हो, नुसती ओढली. तिथेच कमरेत चमक आली आणि पुढचे तीन आठवडे डाव्या पोटरीत तीच जुनी कळ. मी फिजिओ, रोज दहा लोकांना वाकू नका सांगणारी. सासरे म्हणाले पण, दिव्याखाली अंधार. तेव्हा तुम्हाला उपदेश नाही करत, फक्त काय होतं ते सांगतेय. नसेवर दाबणारा तुकडा काढला म्हणून कळ गेली, पण जिथून तो तुकडा बाहेर आला ती डिस्कच्या आवरणाची फट अजून कच्चीच आहे. याच जागी परत डिस्क सरकण्याचं प्रमाण शंभरात पाच ते पंधरा सांगतात, म्हणजे घाबरून बसावं इतकं नाही आणि विसरून जावं इतकंही कमी नाही.

टायगर वुड्सचं अर्धंच वाचलंत तुम्ही. फ्युजन एप्रिल २०१७ मध्ये, मास्टर्स एप्रिल २०१९ मध्ये, मधे दोन वर्षं गेली, आणि फ्युजनच्या आधी त्याच्या पाठीवर तीन ऑपरेशनं होऊन गेली होती, एक २०१४ मध्ये आणि दोन २०१५ मध्ये, तुमच्यासारखीच डिस्कची. मला त्याच्या कहाणीत ती मधली दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, ट्रॉफीचा फोटो नाही.

जिमला जा की, सर्जनने हो म्हटलं तर जा, पण जाऊन काय करायचं ते ऐका. पहिले सहा आठवडे ट्रेडमिलवर चालणं आणि मॅटवरचे व्यायाम. पाठ सपाट ठेवून ब्रिज (उताणं झोपून कंबर वर उचलायची), गुडघ्यावर टेकून साइड प्लँक (कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरायचं), आणि बर्ड डॉग, म्हणजे घोडा घोडा खेळतो तसं ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, दहा सेकंद, मग उलट. बघायला पोरकट वाटतं, नीट केलं तर घाम फुटतो. त्याच काळात एक लाकडी काठी घ्या, पाठीवर उभी धरा, डोकं, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि मग नितंब मागे ढकलत कंबरेतून नाही तर खुब्यातून वाका. काठी एका ठिकाणी जरी सुटली तरी ते वाकणं चुकलं. हे रोज वीस वेळा. हे ज्याला येत नाही त्याने डेडलिफ्टचं नाव काढू नये, आणि खरं सांगायचं तर ११० मारणाऱ्या बऱ्याच पोरांना हे येत नाही. तीन महिन्यांनंतर हलकं गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी वजन धरून उठाबशा), मग समोर उभ्या असलेल्या फिजिओच्या नजरेखाली रिकामा रॉड. क्रंचेस, सिट-अप्स, लेग प्रेस खोल घेणं हे तर मी यादीतूनच काढून टाकते.

बसण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आयटीत आहात म्हणून मीच विचारते. अर्धा तास झाला की उठायचं, मोबाईलवर गजर लावा. फोन सगळे उभ्याने किंवा चालत घ्या. तुमच्याकडे रोज सकाळी स्टँडअप मीटिंग असते म्हणतात ती तरी उभं राहून करा ना.

व्हे चालतं, एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रथिनं, किडनी ठीक असेल तर हरकत नाही, पण ते औषध नाहीये, सोय आहे. चार अंडी म्हणजे २५-२६ ग्रॅम. मासे खात असाल तर बांगडा, तारली, स्वस्त आणि मस्त.

प्रश्न : ताई, मी निफाडहून लिहितोय. अण्णांचं वय ६८, द्राक्षबागेत आयुष्य गेलं. दोन महिन्यांपूर्वी कमरेचं ऑपरेशन झालं, नसांवरचा दाब काढून स्क्रू बसवले. पंधरा वर्षांपासून शुगर आहे. भूक नाही, पोट चार-चार दिवस साफ होत नाही, संडास जुन्या पद्धतीचा, कुंथतात मग पाठ धरते. चिडचिड करतात. आणि तंबाखू-चुना सुटत नाही, म्हणतात विडी तर ओढत नाही ना मी. काय करू?

दादा, अण्णांना माझा नमस्कार सांगा आणि आधी तंबाखूचंच सांगा. धूर असो की चुना लावून मळलेली चिमूट, निकोटीन तेच. मिशरीत पण तेच, हे बायकांसाठी लिहितेय कारण "मी कुठं तंबाखू खाते, नुसती मिशरी लावते" असं म्हणणाऱ्या पेशंट मला दर महिन्याला भेटतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जुळू पाहणाऱ्या हाडाला रक्त कमी पडतं आणि सांधा कच्चा राहतो. अण्णा बागायतदार आहेत, त्यांना एवढंच म्हणा की खुंटावर कलम बांधलंय आणि तुम्ही ड्रिपची नळी दाबून धरलीय. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांशी बोला, निकोटीनच्या च्युइंगम स्वतःहून आणू नका, त्यातही निकोटीनच असतं.

पोटाचं. आधी गोळ्यांची पाकिटं तपासा, वेदनेच्या गोळीत ट्रॅमाडॉल असेल तर आतडं सुस्त होतं, लोहाच्या गोळीनेही होतं. डॉक्टरांना विचारून ती कमी करता येते का बघा, आणि हो, तिच्याऐवजी मेडिकलमधून दुसरी कुठली पेनकिलर मनाने आणू नका, फ्युजननंतर काही प्रकारच्या पेनकिलर सर्जन मुद्दाम टाळतात, शिवाय शुगरवाल्यांच्या किडनीला त्या झेपत नाहीत. चार-चार दिवस म्हणजे फार झालं, त्यासाठी पातळ औषध डॉक्टर लिहून देतील ते सुरू करा. बरोबरीने ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रात्री इसबगोल, पण इसबगोल घेऊन वर भरपूर पाणी प्यायलं नाही तर ते उलट आत घट्ट होऊन बसतं. पाणी दिवसाला दोन-सव्वादोन लिटर, हृदयाचा किंवा किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. घरी म्हातारी माणसं रात्री उठावं लागतं म्हणून पाणीच पीत नाहीत, तांब्या मोजून द्या.

आणि कमोडची खुर्ची आजच आणा. सर्जिकलच्या दुकानात मिळते, मधे भोक असलेली, जुन्या भांड्यावर बसते. उकिडवं बसणं सध्या बंदच. पायाखाली छोटा पाट ठेवला की गुडघे जरा वर येतात आणि कुंथावं लागत नाही. आमच्याकडे एका आजोबांनी महिनाभर खुर्ची नाकारली, "मी काय आजारी आहे का" म्हणून, शेवटी नातवाने त्या खुर्चीला "सरपंचाची खुर्ची" म्हणायला सुरुवात केली तेव्हा बसले.

भूक नसेल तर ताटभर वाढून मागे लागू नका. दर तीन तासांनी थोडं थोडं, आणि पहिला घास प्रथिनांचा. आधी अंडं किंवा उसळ, मग भाकरी, भात शेवटी. दात नसतील तर मुगाची घट्ट खिचडी, डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे घेऊन, ताकाबरोबर. शुगर आहे म्हणून काहीच गोड नको हे बरोबर, पण शुगर आहे म्हणून उपाशी ठेवणं चूक, आणि गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं तर शुगर एकदम खाली जाते. जखम भरायच्या काळात शुगर १८० च्या वर रेंगाळू देऊ नका, रेंगाळत असेल तर फोन करा. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ पण तपासून घ्या, ते कमी असलं तरी पायाला मुंग्या येतात आणि आपण उगाच ऑपरेशनला दोष देत बसतो.

चिडचिडीवर माझ्याकडे गोळी नाही. पण ज्याने चाळीस वर्षं पहाटे पाचला बाग गाठली त्याला भिंतीकडे तोंड करून झोपवलं तर तो चिडणारच ना. काठी किंवा वॉकर देऊन बांधापर्यंत न्या, सपाट वाटेने, सोबत कुणीतरी. छाटणी करू नका म्हणावं, नुसती बघा आणि गड्यांवर ओरडा. तेवढ्याने पण भूक लागते.

प्रश्न : डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने जाते. डिस्कचं ऑपरेशन होऊन आठ आठवडे झालेत, ऑफिसने बोलावलंय. पायाचा अंगठा अजून बधिर आहे.

सर्जनची परवानगी असेल तर जा, पण सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनच दिवस मागून घ्या आणि ८:१५ ची फास्ट नको, उशिराची स्लो धरा. एका खांद्यावरची पर्स बंद, दोन पट्ट्यांची सॅक, तीही हलकी, गाडीत पुढे घ्यायची. उभं राहायची वेळ आली तर खांब धरा, वरची कडी नको, पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित सैल. धावत गाडी पकडायची नाही, पुढची येते.

अंगठ्याचं म्हणाल तर कळ पहिली जाते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. इजा झालेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटरच्या वेगाने वाढते, कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा. काही महिने जातील, कधी थोडा बधिरपणा कायमचा राहतोही. पण बधिरपणा वाढत चालला, पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, किंवा मांड्यांच्या मधे, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात, संवेदना गेली, तर उद्याची अपॉइंटमेंट नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. जखमेतून पाणी, ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागली तरीही तसंच. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

उरलेल्या छोट्या प्रश्नांची एका दमात उत्तरं

पायाचं सूप प्यायल्याने डिस्क भरून येते का? नाही. त्यातलं कोलॅजन पोटात गेल्यावर बाकीच्या प्रथिनांसारखंच पचतं, ते थेट मणक्यात जाऊन बसत नाही. आवडतं तर प्या, थंडीत छान लागतं.

हळदीचं दूध? प्या, दुधासाठी.

सूर्यनमस्कार कधी? पहिल्या तीन महिन्यांत नाहीच, नंतर पण शिकवणाऱ्यासमोर, पुढे वाकण्याचा भाग गाळून. फ्युजनवाल्यांनी हलासन आणि पश्चिमोत्तानासन विसरलेलं बरं.

कडक फळीवर झोपू का? फळीची गरज नाही, मध्यम कडक गादी पुरते, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी.

पट्टा किती दिवस? सर्जनने सांगितलेत तेवढेच. पट्टा पाठीचं काम करतो म्हणून पाठ काम सोडून देते.

स्कूटी? सहा आठवड्यांच्या आधी विचारू पण नका, आणि नंतर विचाराल तेव्हा मी तुम्हाला तुमच्या गल्लीतले खड्डे मोजायला सांगणार आहे.

पुढच्या महिन्यात मानेच्या ऑपरेशनची पत्रं घेते, बरीच साठलीयेत. कराडच्या ताई, तुम्ही किती मिनिटांवर पोचलात ते मात्र कळवा, आणि लाडू कुणी संपवले तेही.